पेटीतला दिवा

मिरग जवळ आला की आबा माळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली काढायचे. त्यात झिरोचा बल्ब, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला पितळी होल्डर आणि गुंडाळून ठेवलेली वायर असे. होल्डर चिंचेने घासून लख्ख करायचा, वायर उंदराने कुरतडलेली नाही ना ते बघायचं आणि मग ते सगळं भजनाच्या पेटीशेजारी नेऊन मांडायचं. पेटी म्हणजे हार्मोनियम. वाडीच्या भजनी मंडळाची पेटी वर्षानुवर्षं आमच्याच घरी राहिली आहे, कारण आमचं घर देवळाला लागून आहे आणि आबांना ती ओलीत ठेवलेली बघवत नाही.

आमचं गाव कोकणात, हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात इथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, चपलांवर रात्रीत बुरशी चढते, वाळत घातलेलं कापड चार दिवस तसंच दमट राहतं. पेटीचं तर अंगच ओल धरणारं. लाकूड फुगतं, भात्याचं चामडं मऊ पडतं, सुरांच्या पितळी पात्यांवर हिरवट थर येतो आणि एखादी पट्टी दाबली की दाबलेलीच राहते. म्हणून पेटीच्या लाकडी खोक्यात, एका कोपऱ्यात, तो बल्ब रात्रंदिवस जळायचा. झाकणाखाली बोटभर जाडीची काठी. त्या फटीतून पिवळ्या उजेडाची एक रेघ माजघराच्या भिंतीवर पडे. माझं सगळं लहानपण पावसाळ्यात त्या रेघेकडे बघत झोपण्यात गेलं.

'झिरोचा' म्हणत असले तरी तो असतो पंधरा वॅटचा. जुन्या चकतीच्या मीटरला इतकी थोडी वीज नीट जाणवत नसे, चकती जागची हलायची नाही, म्हणून लोकांनी त्याला शून्य ठरवून टाकलं, असं आबा सांगतात. आबा पंचक्रोशीतले वायरमन. सत्तरच्या दशकात गावात खांब आले तेव्हा खड्डे खणायला मजुरीवर गेले आणि तिथल्या माणसांचं बघत बघत वायरिंग शिकले. पुढे परवाना काढला. घरात गणपतीच्या मखरापासून देवळाच्या शिखरापर्यंत कुठेही दिवा लावायचा असला की त्यांना बोलावणं यायचं आणि मी त्यांच्याबरोबर. "बाय, स्टूल धर," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही.

बल्ब कसा पेटतो हे मला शाळेच्या आधी त्यांनी सांगितलं, तेही सुपारीच्या बागेत शिंपणं चालू असताना. पाटातलं पाणी बघ, म्हणाले, रुंद आहे तोवर गुमान जातं. तेच पाणी पन्हळीत शिरलं की कसं उसळतं. विजेचंही तसंच. जाड तारेतून ती मुकाट्याने येते आणि बल्बमधल्या त्या बारीक वेटोळ्यात शिरली की तिची दाटी होते, घासाघीस होते, तार तापते. पुढे पदार्थविज्ञानात शिकले ते याहून फार वेगळं नव्हतं. तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन तिच्या अणूंना धडका देतात, अणू थरथरायला लागतात, आणि त्या थरथरण्यालाच आपण उष्णता म्हणतो. पुरेशी तापलेली कुठलीही वस्तू उजेड देते. लोहाराच्या भात्यापुढचा कोयता आधी तांबडा, मग नारिंगी होतो. बल्बमधली तार त्याच्याही फार पुढे जाते, जवळजवळ २५०० अंश सेल्सिअसपर्यंत. लोखंड तिथवर पोचायच्या कितीतरी आधी पाणी होऊन गळलं असतं. म्हणून तार टंगस्टनची. सगळ्या धातूंमध्ये सर्वांत उशिरा वितळणारा धातू हा, ३४२२ अंशांना. केसाहून बारीक तार, तिचं आधी एक वेटोळं करायचं आणि त्या वेटोळ्याचं पुन्हा वेटोळं. उलगडली तर हातभराहून लांब भरेल अशी तार दोन बोटांच्या पेरांत मावलेली असते.

एडिसनकडे अशी टंगस्टनची तार नव्हती. १८७९ मध्ये त्याने सुताचा दोरा जाळून कोळसा केला आणि त्यात वीज सोडली. तिकडे इंग्लंडात जोसेफ स्वानही त्याच वाटेवर होता. त्यानंतर एडिसनने नाना झाडांचे धागे तपासले आणि शेवटी त्याच्या उपयोगी पडला तो बांबू. जपानमध्ये क्योतोजवळ यावाता म्हणून गाव आहे, तिथल्या बांबूच्या कोळशाची तार बाराशे तासांवर टिकली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून परसात गेले होते. आमच्या कुंपणाला चिव्याचं, म्हणजे बारीक बांबूचं, बेट आहे. लहानपणी डोंगरात कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्ट्या बघितल्या होत्या. लाकूड रचून वरून मातीने लिंपायचं, आत वारा जाऊ द्यायचा नाही, म्हणजे लाकडाची राख न होता कोळसा होतो. एडिसनच्या कारखान्यात बांबूच्या सळीचं हेच करत होते. सुरुवातीचे विजेचे बल्ब आणि आमच्या डोंगरातली कोळशाची भट्टी इतकी जवळची नातेवाईक असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

आत वारा जाऊ द्यायचा नाही, हीच बल्बच्या काचेचीही मुख्य नोकरी. तापलेल्या टंगस्टनला प्राणवायू मिळाला की ते पांढरट धूर सोडून क्षणात जळून जातं. सुरुवातीला काचेतली हवा काढून पोकळी करत. पण पोकळीत तापलेली तार हळूहळू वाफ होऊन उडते आणि ती वाफ काचेवर आतून काळी बसते. जुन्या बल्बचा माथा काळवंडलेला दिसतो तो यामुळे. मग कोणाशीही न भांडणारे वायू आत भरले, आर्गॉन आणि थोडा नायट्रोजन. त्यांच्या गर्दीत टंगस्टनचे कण लवकर निसटू शकत नाहीत. छोट्या बल्बमध्ये मात्र अजून पोकळीच असते. नमनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, रंगमंचावर पूर्वी लावत ते हॅलोजन याच घराण्यातले. त्यांच्यात आयोडीन किंवा ब्रोमीनची थोडी वाफ असते, ती उडालेलं टंगस्टन उचलून परत तारेवर नेऊन सोडते. आता आमच्याकडे कुठल्याही चौकोनी झगझगीत दिव्याला हॅलोजन म्हणतात, आत एलईडी असला तरी.

इतका सगळा खटाटोप करून या बल्बच्या पदरात उजेड किती पडतो? शंभर भाग वीज घेतली तर पाचेक भागांचा उजेड. बाकी सगळी उष्णता. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, म्हणून त्याचा उजेड पांढरा. अडीच हजार अंशांवर जे किरण निघतात त्यातले बहुतेक तांबड्याच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे, कातडीला जाणवणारे. जो थोडा भाग दिसतो तो पिवळा. खरं तर हा दिवा नव्हेच, ही बारीकशी चूल आहे आणि उजेड हे तिचं उपउत्पादन.

आणि आमच्या घरात चूल म्हणूनही ती वापरली गेली. शेजारच्या काकू पिल्लं पाळायच्या, पावसाळ्यात कोंबडीखाली सगळी राहिली नाहीत तर खोक्यात गोणपाट घालून वर साठचा बल्ब टांगायच्या. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढायला लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब पांगली तर गरम होतं आहे, एवढ्यावरून त्या वायर वरखाली करायच्या. आई शाळेचा गणवेश टेबललॅम्पवर पसरून वाळवायची, ते मात्र धोक्याचं होतं आणि एकदा बाहीला करपल्याचा डाग पडला तेव्हा आबांनी ते बंद करायला लावलं. उजेडाच्या हिशोबात जी उष्णता वाया गेली म्हणून लिहितात, तिच्यावर आमचे पावसाळे निघाले आहेत.

बल्ब उडतो तो बहुधा बटण दाबताच. याचं कारण मला फार आवडतं. साठ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध, म्हणजे विजेला होणारी अडवणूक, सुमारे ८८० ओहम असतो, पण तीच तार थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. थंड तार विजेला फारशी अडवत नाही. बटण दाबताच नेहमीच्या दसपटीहून जास्त प्रवाह आत घुसतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत तार तापते, रोध वाढतो आणि प्रवाह ताळ्यावर येतो. जिथे तार झिजून बारीक झाली आहे तिथे तो पहिला लोंढा सहन होत नाही. निळसर लख्ख उजेड, आणि संपलं.

पण आबांच्या लेखी ते संपलेलं नसे. उडालेला बल्ब ते कानाशी धरून हळू हलवायचे. आत तुटलेलं टोक किणकिणायचं. बल्ब तिरका करून, टिचकी मारून, ते लोंबणारं टोक दुसऱ्या टोकाच्या वेटोळ्यात अडकवायचे. बटण दाबलं की दोन्ही टोकं तिथे एकमेकांना चिकटून जायची आणि बल्ब पेटायचा, पूर्वीपेक्षा जास्त लख्ख. तार आखूड झाली, रोध कमी झाला, प्रवाह वाढला, तार अधिक तापली. म्हणून उजेड जास्त आणि म्हणूनच आयुष्य थोडं. कधी दोन दिवस, कधी पंधरा. लग्नाघरी रात्री दहाला बल्ब उडाला आणि दुकानं बंद असली तर एवढं आयुष्य पुष्कळ होतं.

आमची वाडी लाइनच्या अगदी टोकाला. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंप लागले की व्होल्टेज १८० वर यायचं. आकड्यात ही घट पाचव्या हिश्श्याएवढी दिसते, पण बल्बचा उजेड निम्म्याहून खाली जातो, कारण तार थोडी जरी थंडावली तरी तिचे दिसणारे किरण झपाट्याने आटतात. त्या तांबूस उजेडात मी परीक्षांचे अभ्यास केले. पुढे ट्यूब आली, पण कमी व्होल्टेजला ती पेटायचीच नाही.

ट्यूबमध्ये तापलेल्या तारेचा उजेड नाहीच. आत पाऱ्याची थोडी वाफ, तिच्यातून वीज गेली की अतिनील किरण निघतात, काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर ते आपटतात आणि भुकटी उजळते. वीज वाफेतून सहजी जात नाही, सुरुवातीला तिला जोराचा धक्का लागतो. म्हणून चोक आणि स्टार्टर. स्टार्टरमधली पट्टी जोडली जाऊन सुटली की चोक तो धक्का देतो. मिचमिच, मिचमिच, मग लख्ख. दमट दिवसांत काचेवर ओल बसली की ती आणखी आढेवेढे घेई आणि आबा कोरड्या फडक्याने ती पुसून काढत. तीच ट्यूब पिळून होल्डरात बसेल अशी केली की सीएफएल झाला. त्याबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की फुटला तर खिडक्या उघडा आणि तुकडे हाताने उचलू नका, आत पारा असतो. त्याचं राज्य थोडक्यात आटोपलं.

एलईडी हे सगळ्यांहून निराळं प्रकरण. तापवणं नाही, वाफ नाही. अर्धवाहकाचे, म्हणजे वीज अर्धवट वाहून नेणाऱ्या पदार्थाचे, दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एकात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागा. वीज सोडली की इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या जागांवर उतरतात आणि उतरताना सोडलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. पायरी किती उंच त्यावर रंग. बुटकी पायरी असली तर तांबडा, उंच असली तर निळा. तांबडा एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्येच करून दाखवला होता. निळ्यासाठी पुढे जवळजवळ तीस वर्षं गेली, कारण त्याला लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक कोणाला जमत नव्हते. ते इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी जमवले, आणि २०१४ चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालं. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला. निळ्या चिपवर पिवळा उजेड देणारी भुकटी थापतात, निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. विझलेल्या एलईडीवर जो हळदीसारखा ठिपका असतो तो हाच.

त्यानंतरच्या जानेवारीत, २०१५ मध्ये, सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॅटचे बल्ब स्वस्तात घरोघर आले. साठचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा एलईडी दीड युनिटही घेत नाही. आमच्या लाइनच्या टोकाला त्याहून मोठी गोष्ट अशी की व्होल्टेज बरंच पडलं तरी याचा उजेड फारसा हलत नाही, आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज बेताने सोडणारं सर्किट, ते सांभाळून घेतो.

आबांनी सुरुवातीला याला मनापासून स्वीकारलं नव्हतं. नंतर एकदा बंद पडलेला एलईडी बल्ब त्यांनी उघडला. आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर चिपांची गोल रांग, एकीमागे एक जोडलेली, आणि त्यातल्या एकीवर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. एक गेली की साखळी तुटते आणि सगळा बल्ब अंधारतो. त्यांनी त्या मेलेल्या चिपेच्या दोन टोकांना कथलाचा डाग देऊन ती वगळली. बल्ब पेटला. "हे तर आपलंच," म्हणाले. साखळी आखूड करून चालवायची, उरलेल्यांवर थोडा जास्त भार, आयुष्य थोडं कमी. टिचकी मारून तार जोडण्याची तीच विद्या. पुढे त्यांनी मला एक गोष्ट दाखवली ती मी कुठल्या पुस्तकात इतक्या सरळ वाचली नाही. एलईडीही तापतो, पण त्याची उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही, मागे मानेत साचते. म्हणून तिथे धातू असतो. बंद काचेच्या हंडीत लावलेला एलईडी लवकर मरतो. जुन्या बल्बचं जगणं उष्णतेवर होतं, याला तीच बाधते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारपर्यंत आमच्या बागेतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या, खांब कमरेत वाकलेले, तारा रस्त्यावर. आमच्या वाडीत वीज परत यायला एकवीस दिवस लागले. कंदील होते पण रॉकेल नव्हतं. तिसऱ्या दिवशी आबांनी पुतण्याच्या मोटरसायकलची बॅटरी काढली, गणपतीच्या मखराची बारा व्होल्टची एलईडी पट्टी कापून तिला जोडली. त्या बॅटरीत ६० वॅट-तास वीज मावते. साठचा बल्ब तिच्यावर चालवता आला असता तर तासाभरात ती संपली असती. तीन वॅटची पट्टी आम्ही चार रात्री लावली, मग गाडी सुरू करून बॅटरी भरून घेतली. आबांचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या आसपास. त्यांनी असे सहा तुकडे करून सहा घरांत दिले. एका घरात बाळंतीण होती. तिथे पट्टी लावून आल्यावर ते पुष्कळ वेळ ओट्यावर गप्प बसून होते, आणि मग म्हणाले, हा दिवा मी ओळखला नव्हता.

इतक्या थोड्या विजेवर इतका उजेड मिळाला की माणूस तो कुठेही नेतो, याचंही रूप आमच्या किनाऱ्याने बघितलं आहे. जनरेटर असलेल्या नौका पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर एलईडी सोडतात. उजेडाकडे मासे गोळा होतात आणि पर्ससीनचं, म्हणजे माशांभोवती गोल टाकून तळाशी आवळायचं, जाळं पूर्ण थवाच उचलतं, त्यात अंड्यावरची मादीही येते आणि बोटाएवढं पिल्लूही. पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी किती आंदोलनं केली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावाला ज्या छोट्या होडीवाल्यांच्या पाट्या अर्ध्या रिकाम्या उतरतात, त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे. समुद्रातला अंधार ही माशांची राखीव जागा होती. ती मोडायला नको होती.

गेल्या श्रावणात गोकुळाष्टमीच्या आठ दिवस आधी पेटीतला झिरो उडाला. दापोलीतली चार दुकानं फिरले. झिरोचा म्हणून सगळीकडे अर्ध्या वॅटचा एलईडी मिळत होता, तांबडा, हिरवा, निळा. एक घेऊन आले आणि पेटीत लावला. भिंतीवर रेघ पडली, पण खोक्यात हात घातला तर आत बाहेरच्याइतकंच गार. चौथ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा मधल्या सप्तकातला पंचम दाबला की खालीच राहत होता.

आबा आता स्टुलावर चढत नाहीत, हात कापतो. पलंगावरून म्हणाले, "जुना फेकलास काय?"

फेकला नव्हता. पत्र्याच्या डब्यातच होता. मी तो कानाशी धरून हलवला, टोक किणकिणलं. तिरका केला, नखाने टिचकी मारली, पुन्हा तिरका केला. पाचव्या-सहाव्या वेळी आवाज थांबला. होल्डरात बसवून बटण दाबलं तर नेहमीपेक्षा पांढरा, झगझगीत पेटला. आबांनी उशीवरून मान वळवून बघितलं आणि बोटांवर मोजलं, अष्टमीला चार दिवस. मी झाकणाखाली काठी सरकवली आणि हात थोडा वेळ आतच राहू दिला.